एकट्याची झील

खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून धरतात; हीच झील. ढोलकी, तुणतुणं, चोनका आणि चार-पाच गळे, एवढ्यावर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या रात्रीच्या रात्री निघाल्या. नागभीडमधल्या माझ्या खोलीत आज हे सगळं मी एकटा करतो. आधी ढोलकी, मग तुणतुणं, त्यावर गाणं आणि शेवटी झील, एकावर एक चार थरांत. एका माणसाने घरात बसून अख्खा फड ध्वनिमुद्रित करावा, ही सोय इथवर कशी पोचली ते मला सांगायचं आहे. आवाज कुणाचा नोंदवायचा आणि तो कसा असावा, हे कोण ठरवणार, हाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

सुरुवातीला ते कंपनी ठरवत होती. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत गायिका गौहर जानचं गाणं नोंदवलं. तेव्हा विजेचा माइक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. गाणं संपताच गौहर जान स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना कुणाचा आवाज आहे ते कळायला हवं होतं. पुढे मराठी नाट्यसंगीतही याच तबकड्यांत शिरलं आणि तीन मिनिटांत बसेल एवढंच मागे उरलं. भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांबरोबर सुरू होऊन होळीपर्यंत चालणारी, रात्री बसून पहाटे उठणारी आमची नाटकं आणि दंडारी त्या मापात कुठून बसणार? कंपनीला त्यांत गिऱ्हाईकही दिसलं नसेल.

सरकारनेही एकदा यंत्र फिरवलं. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणासाठी १९१३पासून पुढे दीडेक दशक देशभरच्या बोली तबकड्यांवर घेतल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी बोलणाऱ्यांना बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट आपापल्या बोलीत सांगायला लावली. अभ्यासकांना त्या तबकड्या आजही मोलाच्या वाटतात आणि त्या आहेतच. पण त्यांतली गोष्ट ज्याने यंत्र आणलं त्याची होती. सांगणाऱ्याला आपलं काय ऐकवायचं आहे, हे कुणी विचारलं नाही.

१९४८ साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं आणि विदर्भाच्या कलावंताला जवळचं दार मिळालं. नागभीडहून नागपूरला अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे जायची. ती २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर तिच्याच डब्यांतून इथली माणसं कामाला, दवाखान्यात आणि कधी गाण्याच्या परीक्षेलाही जात. आकाशवाणीने लोकसंगीताला जागा दिली, मानधन दिलं, गावात मान दिला. ते ऋण मी विसरणार नाही. मात्र कोणत्याही स्टुडिओत शिरताना गाणाऱ्याला आपली बोली थोडी उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘काळा’चा ‘कारा’ होतो, ‘ण’ची जागा ‘न’ घेतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचून या बोलीचा अभ्यास उभा केला, तेव्हा कुठे शिकलेल्या माणसांना हे उच्चार अशुद्ध नसून नियमाने चालणारे आहेत, असं वाटायला लागलं. मी तरुणपणी एका शहरात गाणं नोंदवायला गेलो, तेव्हा मला ‘डोरा’ शुद्ध करून गायला सांगितलं होतं. मी तसं गायलो. आजही ती ओळ ऐकली की माझ्या गावचा माणूस त्यात सापडत नाही.

कॅसेटने पहिल्यांदा यंत्र आमच्या हाती दिलं. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली, पण आपल्याकडे ती घराघरांत गेली १९८०च्या दशकात. टू-इन-वन आले, कोऱ्या कॅसेट तालुक्याच्या बाजारात मिळू लागल्या. नाटकाच्या रात्री कुणीतरी टेप भोंग्याजवळ धरायचा. त्यात ऑर्गन दूर, तबला जवळ, मधे लेकरांचं रडणं आणि शिट्ट्या. तरीही या भागाच्या रंगभूमीचा जो काही आवाज आज उरला आहे, तो बराचसा अशाच कॅसेटींमुळे. वडसा, नवरगाव, सिंदेवाही या टापूतल्या जुन्या घरांत त्या अजून सापडतात. फितीला बुरशी लागली आहे, डब्यावरचं नाव पुसलं आहे, आणि गाणारा कोण हे घरातल्या कुणालाच ठाऊक नाही, असं वारंवार दिसतं.

एकाच माणसाने सगळी वाद्यं वाजवायची ही कल्पना मात्र कॅसेटच्याही आधीची. १९४१ साली सिडनी बेशे या अमेरिकी वादकाने एका तबकडीवर दुसरी चढवत एकाच गाण्यात सहा वाद्यं एकट्याने वाजवली. गिटारवादक लेस पॉलने घरच्या गॅरेजमध्ये हे तंत्र पक्कं केलं. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं यंत्र काढलं आणि १९८२ साली गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम तसल्याच यंत्रावर, त्याच्या झोपायच्या खोलीत झालेल्या मुद्रणातून निघाला. २०००मध्ये ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आलं. २०१६नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. एका पिढीपूर्वी महानगरातही दुर्मीळ असलेली गोष्ट अशी धानाच्या मुलखात येऊन पोचली.

मी हंगामात नाटकांना ऑर्गन वाजवतो. २०२०मध्ये टाळेबंदीने हंगामच बुडाला. वडसा ही झाडीपट्टी नाटकांची पेठ, तिथल्या मंडळांपुढे तारखाच नव्हत्या. शेकडो कलावंत घरी बसले. जुना लॅपटॉप, एक माइक आणि इंटरफेस एवढ्यावर मी काम सुरू केलं ते तेव्हा. खोली कवेलूंची आहे. भिंतींना गोधड्या लावल्या, दारामागे तणसाची पोती रचली. तणीस आवाज चांगला पिऊन घेतं. दिवसा राइस मिल, संध्याकाळी भजन, पावसाळ्यात बेडूक, म्हणून माझं काम पहाटेचं. पंखा बंद करून बसावं लागतं.

पहिली अडचण लयीची आली. संगणकातला टिकटिक ठोका लावून ढोलकी वाजवली की गाणं सरळ होतं आणि मरतं. शाहीर कथेचा ताण पाहून लय ओढतो, प्रश्न विचारताना थबकतो, उत्तराला धावतो. ढोलकीवाला त्याच्या खांद्याकडे बघून वाजवतो. एकट्याने हे करायचं तर क्रम उलटा घ्यावा लागतो. मी आधी ठोक्याशिवाय कच्चं गातो, नुसतं पायाने ताल धरून. मग हेडफोनमध्ये तो कच्चा आवाज ऐकत ढोलकी वाजवतो. ढोलकी बसली की कच्चा आवाज पुसून खरं गाणं गातो. शाहीर आणि ढोलकीवाला दोघे मीच, पण एकाने दुसऱ्याचं ऐकलेलं असतं.

दुसरी अडचण झिलेची, आणि ती सुटलेली नाही. एकच गळा चार वेळा घेतला तर चार माणसं होत नाहीत; एक माणूस जाड होतो. मी माइकपासून कधी एक हात, कधी भिंतीला टेकून गातो, एका थराला थोडा उशिरा उचलतो, एकाला खर्जात ठेवतो. ऐकणाऱ्याला फड वाटतो. मला माहीत आहे की तो फड नाही. मला गायला शिकवणारे म्हातारे शाहीर हे ऐकून म्हणाले, ‘‘चांगला झाला बापू. पन झील समोरच्या मानसाले पाहून येते.’’

त्यांचं म्हणणं मी मान्य करतो, आणि तरीही काम थांबवत नाही. घरातलं मुद्रण फडाची जागा घेऊ शकत नाही. झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती रंगमंचावर, माणसांपुढे घालवलेल्या आयुष्यासाठी. पण ज्या चाली गाणारे आता एक-दोनच उरलेत, ज्यांचे झीलकरी गेले, त्या चाली एकट्याने का होईना धरून ठेवाव्या लागतात. आणि इथे ‘डोरा’ हा डोराच राहतो. तीन मिनिटांची सक्ती नाही. सोळा कडव्यांचा सवाल सोळाही कडव्यांनी नोंदवता येतो. यंत्र कंपनी, सर्वेक्षण, स्टुडिओ, कुणाच्याही हाती असताना हे झालं नव्हतं.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या गावात दंडार, खडी गंमत, डहाका, भजन गाणारं म्हातारं माणूस असेल, तर या हंगामात त्यांच्याकडे जा. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने मोबाइलवर आवाज घ्या. १९९४च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यानेही सादर करणाऱ्याचा हक्क मान्य केला आहे. उच्चार सुधारू नका, कडवी गाळू नका. गाणं संपल्यावर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि साल त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि त्या मुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी ठेवून या.