ओटीपोटातल्या दुखण्याचा माग

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून विंचू चावलेली माणसं उचलून आणावी लागत. अंग घामाने थबथबलेलं, हातपाय गार, उलट्या, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू. लाल विंचवाच्या विषावर नेमका इलाज तेव्हा पुस्तकात नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, दंशाची वेळ सगळं टिपत गेले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आली. १९८६ साली त्यांनी तिथेच प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा गुण दाखवून दिला. शंभरातले चाळीसेक दगावत होते, तिथे पुढे एखादाच दगावू लागला. एका तालुक्यात बसून जगाच्या उपयोगाचं संशोधन होतं, हे या भागाने डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण विंचू चावला ती वेळ रुग्णाला ठाऊक असते. बाईच्या ओटीपोटात वाढणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगाला अशी सुरुवातच सापडत नाही. अंडाशय जेमतेम बदामाएवढं, ओटीपोटात खोल. त्यात गाठ धरली तरी आसपास जागा भरपूर असते, त्यामुळे ती दबून राहत नाही आणि दुखतही नाही. पोट फुगतं, दोन घासांत पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. बाई म्हणते गॅस झालाय, घरचे म्हणतात वय झालं. आवणीचे दिवस असले तर तेवढंही कोणी बोलत नाही. बहुतेक रुग्णांचा रोग कळतो तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. हा रोग आणि त्याच्या आजूबाजूची बायकांची दुखणी महाराष्ट्रातल्या संशोधकांनी कशी हुडकली, तो इतिहास महाडच्या माणसाला परका नाही. त्यातला एक टप्पा मुंबईत परळला घडला, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातल्या कितीतरी घरांतले बापे राबत होते.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथे पेशींच्या अभ्यासाची घडी डॉ. वसंत खानोलकरांनी बसवली. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे तयार झाल्या. १९१७ साली पुण्यात जन्म, माहेरचं आडनाव समर्थ, शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याची खटपट गाय वर्षानुवर्षं करत होते. १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढत राहिल्या. त्या पेशींवर पुढे जगभर संशोधन झालं. बाईला मात्र कोणी विचारलंही नव्हतं. रणदिवे यांनी ते तंत्र मुंबईत आणलं आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या पिढ्या वाढवून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध तपासला. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या. प्रयोगशाळेत इतकी वर्षं घालवलेल्या बाईने त्या वयात गावाची वाट धरली, याचं मोल फार मोठं आहे.

गावात जाऊन बायकांनाच विचारण्याचं काम झालं ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेतून शिकून परतले आणि तिथे स्थिरावले. तोवर सरकारी आरोग्यसेवेला खेड्यातल्या बाईचं शरीर दोनच वेळा दिसे: बाळंतपणाला आणि नसबंदीच्या शिबिरात. एरवी तिचं काय होतं, हे कोणी मोजलं नव्हतं. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींना तपासलं. ५५ टक्के जणींनी आपणहून तक्रार सांगितली, पण तपासणीत ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाला, आणि एकेकीला सरासरी तीनाहून जास्त आजार. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

या आकड्यांमागे भाषेचं केवढं काम आहे, ते सहज ध्यानात येत नाही. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पोटात गोळा येतो, अंग बाहेर येतं, हे सगळं बाई बाईपाशीच बोलते. तेही माजघरात, पुरुषमाणूस बाहेर गेल्यावर. राणी बंग त्या बोलण्यात शिरल्या, म्हणून त्यांना आकडे मिळाले. पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात त्यांनी बायकांचं हे म्हणणं मराठीत मांडलं.

तिसरा टप्पा बार्शीचा. टाटा रुग्णालयाच्या मदतीने १९८७ साली तिथे खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. त्या कामाच्या पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी घेतली गेली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका. २००९ साली निष्कर्ष छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांमुळे जगाला हे कळलं.

गर्भाशयाचं मुख डोळ्यांना दिसतं, तिथला नमुना घेता येतो. अंडाशयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं चाचणी चालली. काहींची दरवर्षी सोनोग्राफी, काहींच्या रक्तात सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी. २०२१ साली निकाल आला, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू काही कमी झालेले दिसले नाहीत. कुठलाही त्रास नसलेल्या सरसकट सगळ्या बायकांना तपासून हा रोग आटोक्यात आणण्याची खात्रीची पद्धत आजही नाही.

म्हणून प्रयोगशाळेतल्या कामाला इथे जास्त वजन येतं. महाडहून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्याला गेलं, की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र लागतं. डॉ. शर्मिला बापट यांनी तिथे अंडाशयाच्या कर्करोगाला वाहून घेतलं. हा रोग पसरला की पोटात पाणी होतं, आणि रुग्णाला श्वास घेता यावा म्हणून डॉक्टर ते सुईने काढतात. लिटर-लिटर पिवळसर पाणी निघतं, एरवी ते ओतून टाकतात. त्यात गाठीतून सुटलेल्या पेशी तरंगत असतात. बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पोटातल्या अशा पाण्यातून एकेक पेशी वेगळी केली आणि प्रत्येकीचा स्वतंत्र वंश वाढवला. त्यांतला एकच वंश गाठ धरणारा निघाला. अभ्यास चालू असतानाच आणखी एक वंश काचेच्या भांड्यात आपोआप बदलला आणि तसाच वागू लागला. या पेशी प्राण्यांत सोडल्या तेव्हा माणसातल्या रोगासारख्याच गाठी झाल्या. त्या गाठीतल्या पेशी पुन्हा दुसऱ्या प्राण्यात सोडल्या, पुन्हा गाठी झाल्या. अंडाशयाच्या कर्करोगाला स्वतःच्या मूळपेशी, म्हणजे गाठ पुन्हा पुन्हा उभी करणाऱ्या पेशी, असतात, याचा हा पुरावा २००५ साली ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये आला. रक्ताच्या आणि स्तनाच्या कर्करोगात अशा पेशी परदेशात आधी दाखवल्या गेल्या होत्या. अंडाशयात त्या पहिल्यांदा दाखवल्या पुण्याने.

रुग्णाच्या घरच्यांना याचा अर्थ पटकन कळेल. किमोथेरपीने पोट उतरतं, भूक लागते, बाई घरी येऊन भाकरी थापू लागते. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकींचा रोग उलटतो. औषध मारतं ते भराभर वाढणाऱ्या पेशींना. मूळपेशी तेवढ्यात दडून बसतात. बापट यांच्या गटाने पुढे हे दडून बसणंच अभ्यासलं. स्नेल आणि स्लग या नावांची दोन जनुकं पेशींना औषधाला आणि किरणांना दाद न देणाऱ्या कशी बनवतात, हेही त्यांनी उलगडलं.

रणदिवे यांची परळची संस्था आता खारघरला आहे, महाडहून मुंबईला जाताना वाटेजवळच. त्यांनी उंदरांत तपासलेला आनुवंशिकतेचा धागा माणसांतही आहे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत बीआरसीए जनुकातला दोष पिढीजात आलेला असतो, आणि तो कळला तर मुलींना आणि बहिणींना वेळीच सावध करता येतं. त्यासाठी घराण्यात कोणाला काय झालं होतं, हे सांगावं लागतं. चाकरमान्यांच्या कुटुंबात तेच अवघड. मावशी लालबागच्या चाळीत वारली, आजी पोलादपूरच्या वाडीवर, आणि दोघींबद्दलही ‘पोटाच्या दुखण्याने गेली’ एवढंच मागे उरतं. बाई दवाखान्यात आईकडचं सांगते आणि थांबते. हा दोष बापाकडूनही येतो, म्हणून आत्या कशाने गेली, बापाच्या आईला काय झालं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवायला हवं.