दुर्बीण, शिकारी रायफलीवरील

रायफलीच्या नळीवर घट्ट बसवून नेम धरण्यासाठी वापरावयाचे प्रकाशकीय साधन. साध्या रायफलीवर नेम धरताना जवळची खाच, नळीच्या टोकावरील माशी व दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून तिन्हींपैकी दोन गोष्टी नेहमीच अंधुक राहतात. वय वाढते तशी प्रथम खाच व मग माशी दिसेनाशी होते. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व नेमाची फुली एकाच प्रतलात असल्याने ही अडचण उरत नाही. लक्ष्य मोठे दिसते हा तिचा गुण सर्वांच्या लक्षात येतो. परंतु प्रतिमा व फुली एकाच वेळी स्पष्ट दिसणे हाच तिचा खरा लाभ होय. भिंगांचा प्रश्न शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातच बराचसा सोडविला होता. दुर्बीण रायफलीवर पक्की कशी बसवावी व तिची रेषा गोळीच्या मार्गाशी कशी जुळवावी, हा प्रश्न मात्र पुढे तीन शतके बंदूककारांना पुरला.

१६०८ मध्ये नेदर्लंड्समध्ये दुर्बीण प्रसिद्धीस आली. १६११ मध्ये योहानेस केप्लर यांनी दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची उपपत्ती मांडली. तीत प्रतिमा उलटी दिसत असली, तरी ती नळीच्या आत प्रत्यक्ष उमटते, व तेथे एखादी तार ठेवल्यास ती प्रतिमेवर रेखल्यासारखी दिसते. इंग्लिश ज्योतिर्विद विल्यम गॅसकॉइन यांनी सु. १६४० मध्ये हा उपयोग ओळखून ज्योतिषशास्त्रीय उपकरणांत नेमाचे धागे बसविले. कोळ्याच्या जाळ्याचा एक तंतू योगायोगाने दुर्बिणीत अडकला व त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत ते मारले गेले.

बंदुकीवर दुर्बीण ठेवण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांपैकी एक १७७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांनी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांच्या साहाय्याने दुर्बिणीची रायफल सिद्ध केली. पण बार उडताच मागे येणाऱ्या धक्क्याने दुर्बीण डोळ्यावर आदळे. नेत्रभिंगापासून डोळा किती दूर ठेवता येईल, याला पुढे जे महत्त्व आले त्याचे मूळ या धक्क्यात आहे. आजच्या शिकारी दुर्बिणीत हे अंतर सामान्यतः ८ ते १० सेंमी. असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यात या साधनाला व्यवहार्य रूप आले. जॉन आर. चॅपमन यांनी अमेरिकन रायफलीवर लिहिलेल्या पुस्तकात दुर्बिणीची चर्चा केली व यूटिका येथील मॉर्गन जेम्स हे बंदूककार तशा रायफली बनवीत. सिरॅक्यूस येथील विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून रंगदोष काढून टाकलेल्या भिंगांच्या दुर्बिणी तयार केल्या. या दुर्बिणी नळीइतक्याच लांब व बारीक असत. फुली आत स्थिर असे. नेम बदलण्यासाठी बैठकीतील स्क्रूने सबंध दुर्बीणच वरखाली वा डावीउजवीकडे सरकवावी लागे. अशी रचना नाजूक असणे अपरिहार्य होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) निवडक नेमबाजांनी अशा दुर्बिणी वापरल्या. दक्षिणेकडील सैन्यातील काही नेमबाजांजवळ षट्कोनी छिद्राच्या इंग्लिश व्हिटवर्थ रायफली होत्या व त्यांच्या डाव्या बाजूस डेव्हिडसन दुर्बीण बसविलेली असे. तिचे कर्ते लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन हे हिंदुस्थानात नोकरी केलेले ब्रिटिश अधिकारी होते.

काळ्या दारूच्या रायफलीची गोळी मंद असल्याने तिचा मार्ग फार वक्र असे व अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फुकट जाई. १८८६ मध्ये फ्रान्सने धूरविरहित दारूची लेबेल रायफल स्वीकारल्यानंतर ही स्थिती पालटली. गोळीचा मार्ग सपाट झाला, दूरचा नेम अर्थपूर्ण झाला व दुर्बिणीला खरी मागणी आली. ती मुख्यतः मध्य यूरोपातून आली, यालाही कारण आहे. तेथील शिकारी रो हरीण व रानडुक्कर यांची वाट पहाटे किंवा सायंकाळी मचाणावर बसून पाहत. संधिप्रकाशात माशी दिसत नाही. मोठ्या वस्तुभिंगाच्या दुर्बिणीत मात्र आणखी काही काळ प्राणी ओळखता येतो व नर-मादी, वय यांची पारख करता येते. व्हिएन्ना येथे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या काहलेस कंपनीने १९०० मध्ये ‘टेलोरार’ ही दुर्बीण बाजारात आणली. येना येथील त्साइस कंपनीही लवकरच या व्यवसायात उतरली.

जर्मन व ऑस्ट्रियन बंदूककारांनी दुर्बीण बसविण्यासाठी नखांची बैठक प्रचारात आणली. दुर्बिणीला पुढे व मागे पोलादी पाय जोडलेले असत व त्यांची नखे रायफलीवरील खाचांत अडकत. पुढची नखे प्रथम घालून मागचा भाग खाली दाबला, की खटका बसे. दुर्बीण क्षणात काढता येई व पुन्हा लावल्यावर नेम पूर्ववत जागेवर येई. त्यासाठी कारागिराला नखे व खाचा कानशीने घासून, काजळी लावून, परस्परांशी तंतोतंत जुळवाव्या लागत. झूल या बंदुकांच्या गावाचे नाव या कामाशी जोडले गेले आहे. एका रायफलीची बैठक दुसरीला चालत नसे. दुर्बिणीखालून साध्या माशीचाही नेम धरता यावा म्हणून ती उंच ठेवीत. परिणामी दस्त्यावर टेकलेला गाल उचलावा लागे व डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडे. कारागिरी उत्कृष्ट असूनही हा दोष राहिलाच.

जोडणी किती सूक्ष्म असावी लागते, हे साध्या गणिताने कळते. दोन कड्यांमधील अंतर १२·५ सेंमी. धरल्यास एक कडे केवळ ०·१ मिमी. सरकताच १०० मी. अंतरावर नेम ८ सेंमी.ने व ३०० मी.वर २४ सेंमी.ने चुकतो. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सामान्यतः २० ते २५ सेंमी. व्यासाचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीइतक्या ढिलाईने प्राणी जागीच पडण्याऐवजी पोटात किंवा पायात गोळी घेऊन पळतो आणि झुडपात तासन्‌तास तडफडून मरतो. नेम जुळविणे हे म्हणूनच केवळ यांत्रिक काम राहत नाही.

पहिल्या महायुद्धात याचा कटू अनुभव आला. जर्मनीत शिकाऱ्यांच्या दुर्बिणीच्या रायफली गोळा करून आघाडीवर पाठविण्यात आल्या व त्या वापरणाऱ्यांत वनरक्षक व शिकारीही होते. ब्रिटिशांनी घाईने दुर्बिणी बसविल्या. काडतुसे वरून भरता यावीत म्हणून त्यांपैकी बऱ्याच डाव्या बाजूस होत्या. प्रसिद्ध शिकारी व लेखक हेस्केथ-प्रिचर्ड यांनी आघाडीवरील रायफली तपासल्या, तेव्हा अनेकांचा नेम मुळीच जुळलेला नसल्याचे आढळले. दुर्बिणीची निगा सैनिकांना कोणी शिकविलेलीच नव्हती. पुढे त्यांनी नेमबाजांसाठी प्रशिक्षणशाळा चालविली. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूककारांनी ली-एनफील्ड रायफलींवर दुर्बिणी बसविताना रायफल व दुर्बीण यांची जोडी कायम ठेवली आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर कोरला.

सामान्य शिकाऱ्याच्या हाती दुर्बीण आली ती अमेरिकेत. विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये तिप्पट मोठे दाखविणारी दुर्बीण बैठकीसह १९ डॉलरांना विकावयास काढली. यूरोपीय दुर्बीण व तिची हाताने घडविलेली बैठक यांच्या तुलनेत ही किंमत नगण्य होती. अडचण रायफलीचीच होती. माउझर पद्धतीच्या रायफलीचा बोल्टचा दांडा उचलला की दुर्बिणीला अडे व तिचा सुरक्षा-खटकाही उभा राही. बंदूककार दांडा तापवून वाकवीत, खटका बदलीत व पोलादी सांगाड्यात भोके पाडून आटे कापीत. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर ७० या रायफलीचा दांडा मुळातच खाली झुकता होता. दुर्बीण नळीच्या लगत येऊन बसली व गाल दस्त्यावर टिकला.

उरलेले दोष प्रकाशकीय होते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सु. ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जाई. त्साइसमधील अलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेल्या लेपनाने ही हानी पुष्कळ घटली. पावसात व थंडीत भिंगांवर आतून धुके धरे. ऑरेगन राज्यातील ल्यूपोल्ड कंपनीने १९४७ मध्ये आतील दमट हवा काढून नायट्रोजन भरलेली दुर्बीण आणली. या कंपनीच्या मार्कस ल्यूपोल्ड यांचे धुके धरलेल्या दुर्बिणीमुळे हरीण हुकले व त्यातून हा उद्योग सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. जुन्या दुर्बिणीत नेम जुळविताना फुली दृश्याच्या एका कोपऱ्यात जाई; नंतरच्या रचनांत ती मध्यभागीच राहते.

नेम जुळविताना प्रथम बोल्ट काढून रायफल स्थिर टेकवतात व नळीतून सु. २५ मी.वरील लक्ष्य पाहून फुली त्यावर आणतात. मग गोळ्या झाडून दुरुस्ती करतात. दुर्बीण नळीच्या सु. ४ सेंमी. वर असते, गोळी प्रथम दृष्टिरेषेच्या खालून निघते, तिला छेदून वर जाते व दूरवर पुन्हा छेदून खाली येते. म्हणून २५ मी.वर जुळलेला नेम वेगवान रायफलीत २०० मी.पलीकडे पुन्हा जुळतो. अमेरिकन लेखक जॅक ओकॉनर .२७० विंचेस्टर या काडतुसासाठी ९० मी.वर गोळी ७·५ सेंमी. उंच लागेल असा नेम जुळविण्याची शिफारस करीत, तो सु. २५० मी.वर बिनचूक ठरतो. दुरुस्तीच्या चकतीचा एक टप्पा पुष्कळदा पाव कोनीय मिनिटाचा असतो, म्हणजे १०० मी.वर सु. ७ मिमी. फुली तिरपी बसली असेल, तर दूरच्या नेमात गोळी बाजूला जाते. प्रतिमा व फुली एका प्रतलात नसल्यास डोळा हलताच नेम हलल्याचा भास होतो. याला पराशय म्हणतात. थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी नंतरच्या गोळ्यांहून किंचित वेगळी पडू शकते. सरावाच्या फळीवर याचे काही बिघडत नाही. शिकारीत मात्र बहुधा तीच गोळी कामाची असते.

दुर्बिणीने शिकार न्याय्य राहते काय, हा वाद जुना आहे. अचूक नेमाने जखमी प्राण्यांचे प्रमाण घटते, असे तिचे समर्थक म्हणतात. विरोधकांच्या मते ती शिकाऱ्याला झेपणार नाही इतक्या दुरून गोळी झाडण्याचा मोह घालते. दोन्ही मतांत तथ्य आहे. भारतातील मचाणावरील व दाट रानातील शिकार थोड्या अंतराची असल्याने येथे दुर्बिणीची निकड कमी होती. जिम कॉर्बेट यांची.२७५ रिग्बी रायफल साध्या माशीचीच होती. उंच हिमालयात आयबेक्स, मारखोर यांच्या मागे जाणाऱ्यांना ती अधिक उपयोगी पडे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर कायदेशीर शिकारीचे युग संपुष्टात आले. भारतात दुर्बिणीची रायफल आता मुख्यतः पोलीस व सैन्यदलांतील नेमबाजांच्या हाती दिसते.