दोन हातांनी घडलेला आदम

स्त्रीपुरुष एकाच रूपात म्हटले की आपल्याला अर्धनारीनटेश्वर आठवतो, अंदलुसियाचे सूफी इब्ने अरबी (११६५-१२४०) आठवत नाहीत. अल्लाहने आदमला दोन्ही हातांनी घडवले, या कुरआनातल्या उल्लेखात त्यांनी परस्परविरोधी गुणांचा, जलाल आणि जमालचा, मेळ पाहिला. ‘फुसूसुल हिकम’च्या अखेरच्या प्रकरणात तर ते चक्क व्याकरणात शिरतात. पुरुष दोन स्त्रीलिंगांच्या मधोमध उभा आहे, असे ते दाखवतात: तो ज्यातून आला ती ‘जात’, म्हणजे परमसत्ता, आणि त्याच्यातून निघालेली स्त्री. अरबीत दोन्ही शब्द स्त्रीलिंगीच! आम्हांला हा नुसता शब्दखेळ वाटत नाही. तरुणपणी सेव्हिलमध्ये त्यांनी नव्वदी ओलांडलेल्या फातिमाबींची मुरीद होऊन सेवा केली होती. स्त्री ‘कुत्ब’पदापर्यंत पोचू शकते, हेही त्यांनी लिहून ठेवले. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्यासाठी मात्र आपल्या बायकांना २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल मिळवावा लागला.