देव पुढं, समुद्र मागं

आमच्या भागात 'फिरणं' ह्या शब्दाला बरा वास नव्हता. पोरगं फिरतंय म्हणजे ते कामाला हात लावत नाही. बाई फिरती म्हटलं की पुढं बोलायलाच नको. माणूस गावाला जायचा, नाही असं नाही. पण जायला कारण लागायचं. लग्न, मयत, बाळंतपण, कोर्टाची तारीख, जनावरांचा बाजार, आणि देव. ह्यातलं एकही कारण नसताना, बायकोला बरोबर घेऊन, मित्रांच्या जोड्या जमवून, नुसतं बघायला आणि हसायला घराबाहेर पडायचं, ही चाल येरळेकाठच्या आमच्या गावात कशी आली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. राजांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. हा इतिहास बारका आहे, पण माझ्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून दहावी शिकलेल्या माणसानं लिहायचं धाडस करतो.

आजोबांच्या वेळची सहल म्हणजे बैलगाडी. चैत्रात जोतिबा, माघात चिंचलीची मायाक्का. चिंचली आता कर्नाटकात आहे, पण आमच्या लोकांना ती सीमा कधी कळली नाही. गाड्या जायच्या आणि यायच्या. गाडीला तट्ट्या लावायच्या, खाली कडब्याच्या पेंढ्या, वर घोंगडं, मागं पाण्याची घागर. बैलांना नवी म्होरकी, शिंगांना रंग. एकामागं एक दहा-पंधरा गाड्या निघाल्या की रात्रीच्या वाटेला घुंगरांचा आवाज लांबपर्यंत यायचा. आज्जी सांगायची, मुक्कामाला ओढ्याकाठी तीन दगडांची चूल मांडायची आणि पुरुष तंबाखू मळत गप्पा हाणत बसायचे. म्हणजे बाई गावाला गेली तरी चूल तिच्याबरोबर गाडीत बसूनच जायची. हे पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तरी आज्जीला त्या जत्रा फार आवडायच्या. पाळणा, बांगड्या, भेंडबत्तासे, आणि तंबूतला सिनेमा. देवाचं नाव होतं, मन जत्रेत होतं. माझा आपला अंदाज असा की आपल्या बायकांनी शेकडो वर्षं देवाच्या नावावरच जग बघितलं. देवही समजूतदार, त्यानं कधी तक्रार केली नाही.

मग एसटी आली. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, हे आता शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. आमच्या गावच्या पाराला ती यायला पुढं बरीच वर्षं लागली. मिरजेहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइटची छोटी रेल्वे १९२७ पासून होतीच. तिच्यातून आमचे वडील एकादशीला जायचे. पण एसटीनं जे केलं ते रेल्वेनं केलं नाही. एसटी दारात यायची. सकाळी जाऊन संध्याकाळी धारेला परत येता यायला लागलं. शेतकऱ्याच्या घरात दिवसाचे दोन खिळे पक्के, सकाळची धार आणि संध्याकाळची धार. त्या दोन खिळ्यांच्या मधे जेवढं जग बसेल तेवढं बघायचं. औदुंबर बसायचं, नरसोबावाडी बसायची, ओढून ताणून कोल्हापूरही बसायचं. समुद्र बसत नव्हता.

ह्यात नवरा-बायको जोडीनं कुठं दिसायचे? लग्न झाल्यावर एकदा, कुलदैवताला. जेजुरीला गेलं तर नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत. ती पाच पायऱ्यांची जवळीक झाली की पुन्हा जन्मभर तो दहा पावलं पुढं आणि ती दहा पावलं मागं. बाजारालाही असंच. माझे आईवडील शेजारी शेजारी, एका ओळीत, घराबाहेर दिवसचे दिवस मी पाहिले ते १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीच्या खडीवर. वडील दगड फोडायचे, आई पाटीनं वाहायची. सुटीचं फिरणं सोडा, पोटासाठीसुद्धा दोघांना एकत्र बाहेर काढायला दुष्काळ लागला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दुपारी भाकरी घेऊन जायचो. लिंबाच्या सावलीत दोघं जेवताना हळू आवाजात काहीतरी बोलायची, आणि मी गेलो की गप्प व्हायची. काय बोलत असतील, मला अजून कुतूहल आहे.

आमची दहावीची बॅच पहिली, १९७५ ची. आधी अकरावीला मॅट्रिक असायची. त्यातले आम्ही पाच जण शेतीला चिकटलो आणि पाचही जणांनी पुढं मागं द्राक्षं लावली. द्राक्षानं आम्हाला कर्ज दिलं, औषधांचे वास दिले, आणि एक नवीन कारण दिलं, अभ्यास दौरा. नाशिकच्या बागा बघायच्या, पुण्याला अधिवेशनाला जायचं, कुठं प्रदर्शन. गळ्यात बिल्ला, हातात वही. अभ्यास होत होता, खोटं कशाला बोलू. पण येताना महाबळेश्वरही व्हायचं. ह्या दौऱ्यांत बाई नसायची. बागेत विरळणी करायला, घड डिपिंग करायला, माल भरताना मणी निवडायला बाई, अभ्यासाला बुवा. आमच्या मंडळींनी एकदा विचारलंच, "अवो, बाग बघायला गेल्तासा, तर कपड्याला वाळू कुठली?" त्या वर्षी दौरा गोव्यापर्यंत गेला होता.

त्या प्रश्नातून १९९५ साली आमची भिशी निघाली. पाच मित्र, पाच जोड्या, जोडीमागं महिना शंभर रुपये. पैसे ठेवायचे बायकांकडं, हे त्यांनीच ठरवलं आणि ते बरं झालं. वर्षात सहा हजार जमले.

आता पैसे जमले म्हणून शेतकरी जोडीनं निघतो असं नाही. दिवस कधीचे काढायचे? ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेजवळून हलता येत नाही. ढग आलं की फवारणी. एप्रिलची खरड छाटणी झाली की फुटी काढायच्या, त्यात उन्हाळा. पावसाळ्यात वेळ असतो तर समुद्र बंद. पण माल गेल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी बाग पंधरा-वीस दिवस विश्रांतीला सोडतात. वेलीनं दमलेपण काढावं, काडीत अन्न साठवावं म्हणून. वेलीला विश्रांती पाहिजे हे आम्हाला पुस्तकं वाचून कळलं होतं. तोच हिशेब घरातल्या माणसाला लावायला काय हरकत, असं आमच्यातला एक जण बोलला आणि मार्च अखेरचे चार दिवस मुक्रर झाले.

मग म्हैस. आमची म्हैस मंडळींच्या हाताशिवाय पान्हा सोडत नव्हती. चुलतभावानं धार काढायचं कबूल केलं, पण दुसऱ्याच्या हाताला ती लाथ मारायची. शेवटी मंडळींनी आपलं जुनं लुगडं त्याच्या अंगावर टाकून दोन दिवस तालीम घेतली. तो पदर घेऊन म्हशीखाली बसला की गल्लीतली पोरं बघायला जमायची. म्हैस फसली की तिला दया आली, माहीत नाही, पण तिनं दूध दिलं. माझ्या मते आमच्या सहलीचा खरा शिल्पकार तो चुलतभाऊ.

घरातल्या थोरल्यांना सांगताना 'गणपतीपुळ्याला निघालोय' म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. "देवाला निघाला, मग पोरं का न्हाईत?" आईनं विचारलं. परीक्षा होत्या, तेही खरं. गाडीत मित्र म्हणाला, बरं झालं पुळ्याचा देव समुद्राकाठी बसलाय. देव पुढं, समुद्र मागं. पाली किंवा थेऊरचं नाव सांगून समुद्र बघता आला नसता.

पण निघायच्या आठ दिवस आधी सगळं मोडायला आलं होतं. आम्ही पुरुषांनी यादी केली: स्टोव्ह, रॉकेल, दोन पातेली, तांदूळ, डाळ, पीठ. खर्च वाचेल, घरचं मिळेल. भिशीचे पैसे ज्यांच्याकडं होते त्या मंडळींनी यादी वाचली आणि स्टोव्हवर काट मारली. "चूल न्यायची तर आमी घरीच बरं. हितं एक चूल हाय की." तीन दिवस अबोला चालला. एका मित्राला वाटायचं, बाहेरचं अन्न म्हणजे पैसा पाण्यात. त्याच्या मंडळींनी सांगितलं, "मग तुमी रांदा." शेवटी तोडगा असा निघाला की जाताना दोन दिवस पुरेल एवढ्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा न्यायचा, पुढं जिथं मिळेल तिथं विकत जेवायचं आणि कुणीही चूल पेटवायची नाही. बैलगाडीपासून गाडीत बसून येणारी चूल त्या वर्षी पहिल्यांदा घरी राहिली. आमच्या गावाच्या इतिहासात मी ही तारीख एसटीच्या बरोबरीनं मांडतो.

ट्रॅक्स ठरवली. आम्ही दहा आणि ड्रायव्हर. जोतिबाला नारळ फोडून मलकापूर, आंबा घाट. घाटात गाडी थांबवून खाली कोकण बघितलं तेव्हा दोघीजणी एकदमच म्हणाल्या, "एवढं झाड हाय आन् तोडत न्हाईत?" आमच्याकडं सरपणाला बांधावरची बाभळ ओरबाडायची सवय, त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं.

समुद्र पहिल्यांदा बघणारं माणूस काय करतं, हे मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, पाचही जणी पाण्यापासून वीस हात लांब वाळूत बसल्या आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग एक उठली, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली, लाट परतताना पायाखालची वाळू सरकली तशी ओरडली, आणि शेजारी उभ्या नवऱ्याचा हात धरला. लग्नाला पंधरा वर्षं झालेली. त्यानं आधी आमच्याकडं बघितलं, मग हात सोडवून न घेता उभा राहिला. मग सगळ्यांनीच हात धरले. वाळू सरकत होती, दुसरं काय करणार!

पावस, राजापूर, कणकवली करत मालवणला आलो. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीनं गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधायला घेतला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, ते सगळं बघितलं. पण आमच्या बायका अडकल्या त्या विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड पाणी. आमच्या भागात दोन-दोनशे फूट बोअर मारून फुफाटा निघालेला, घागरी घेऊन मैल मैल गेलेल्या ह्या बाया. मंडळींनी पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, दुसरीला दिलं, तिसरीला दिलं. "राजाला पाणी कळत व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. किल्ला बघायला आलेले लोक तटबंदी आणि तोफा बघत पुढं गेले. आमची होडी त्या विहिरींपायी चुकली आणि दुसरीनं यावं लागलं. येताना फोंडा घाट, राधानगरी. चार दिवस, साडेपाच हजार खर्च, पाचशे शिल्लक.

गावात बोललं गेलंच. "म्हातारपणी हनिमून" वगैरे. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत एक भिशी सुरू झाली, मग तिसरी. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेचा ठराविक दिवसांचा पास काढून काही जोड्या अजिंठा-वेरूळ करून आल्या. नंतर मोबाइल आले, पोरं मोठ्या गाड्या घेऊन आली. तो इतिहास सगळीकडं सारखाच आहे, त्यात आमचं असं काही नाही.

आमचं असं काही पुढं घडलं ते २०१७ साली. पाचातला एक मित्र गेला. बागेतच, फवारणीचा पंप बंद करताना. वर्ष सरलं, मार्च आला, आणि आम्ही चौघं पुरुष गप्प. जोड्यांची सहल, तिला कसं विचारायचं? विचारलं तर गाव काय म्हणेल, तिची सासू काय म्हणेल? नवरा गेलेली बाई काशीला जाते, पंढरीला जाते. समुद्रावर हसायला जाते का? आम्ही त्या वर्षी सहलच नको असं ठरवत होतो. चौघीजणींनी मात्र आम्हाला न विचारता तिच्या दारात जाऊन बैठक मारली. ती नाही म्हणत होती. सासू आतून ऐकत होती. मंडळी म्हणाल्या, "भिशी तू वर्षभर भरलीयास. जागा तुजी हाय. पैसं परत पायजेत का, तेवढं सांग." म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "जाऊ दे तिला. मी गेले न्हाई कुठं, तिला तरी जाऊ दे." त्या वर्षी आम्ही हरिहरेश्वरला गेलो. गाडीत तिच्या शेजारची एक जागा मोकळी राहिली. पहिल्या दिवशी तिथं कुणी बसलं नाही, दुसऱ्या दिवशी तिथं पिशव्या ठेवल्या. ती समुद्रात उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी लवकर उठून बघतो तर पाचही जणी पाण्यात होत्या. मी मागं फिरलो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या भिशीचं राज्यच बदललं. पाचही जणी मधेच उठून नरसोबावाडीला जातात, कोल्हापूरला अंबाबाई करून रंकाळ्यावर भेळ खाऊन येतात. देवाचं नाव अजून सांगतात, पण सवयीनं. संध्याकाळच्या धारेला मी म्हशीखाली बसतो. ही म्हैस निराळी, तिला लुगडं लागत नाही.

यंदा माल फेब्रुवारीतच गेला. विजयदुर्ग ठरतोय, असं कानावर आलं आहे. कॅलेंडरवर मार्चच्या चार तारखांना गोल केलेला आहे आणि खाली पाच नावं आहेत. आम्हा चौघांना न्यायचं की नाही, ते अजून ठरायचं आहे.