बास (मासा)

बास हे कोणत्याही एका माशाचे नाव नव्हे. पाठीवरील परात (पृष्ठपक्षात) तीक्ष्ण काटे असलेल्या, खवलेदार व शिकारी वृत्तीच्या अनेक माशांना इंग्रजीत हे नाव दिले जाते. त्यांतील काही केवळ गोड्या पाण्यात राहतात, काही समुद्रात, तर काही आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर दोन्हींत ये-जा करतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जिताडा हा या समूहातील, मराठी वाचकास सर्वांत जवळचा मासा होय. उपाहारगृहांत मिळणारा ‘बासा’ मात्र या समूहात मोडत नाही.

नाव व वर्गीकरण

हा शब्द जुन्या इंग्रजीतून आला असून जर्मन भाषेतील ‘बार्श’ हा त्याचा सगोत्र आहे. मूळ अर्थ टोकदार किंवा राठ असा असून तो पाठीवरील काट्यांस उद्देशून आहे. युरोपातून निघालेले वसाहतवाले अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे पोहोचले, तेव्हा तेथील अनोळखी माशांना त्यांनी आपल्या घरचीच नावे दिली. त्यामुळे एका नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेली अनेक कुळे एकत्र आली. मराठीत सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा व नागचाफा ही नावे ऐकून सर्व एकाच झाडाचे प्रकार असावेत असे वाटते, परंतु वनस्पतिशास्त्रात त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. बासचेही तसेच आहे. म्हणून या माशांचा विचार नावावरून न करता कुळ व अधिवास यांवरून करणे सोयीचे ठरते.

जिताडा

जिताडा (शास्त्रीय नाव : लेट्स कॅल्कॅरिफर) हा लॅटिडी कुळातील मासा आहे. मार्कस एलिझर ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. इराणच्या आखातापासून भारत, श्रीलंका व आग्नेय आशियामार्गे पापुआ न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर आहे. रायगड जिल्ह्यात त्यास जिताडा, काही ठिकाणी खजुरा, गोव्यात चणक, तर बंगालमध्ये भेटकी म्हणतात. ऑस्ट्रेलियातील ‘बारामुंडी’ हे नाव क्वीन्सलंडमधील आदिवासी भाषेतून आले असून त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतील मासा असा सांगितला जातो.

शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी चपटे, कपाळ किंचित खोलगट, जबडा मोठा आणि शेपटीची कड गोलसर असते. रंग पाठीवर करडा-हिरवट व पोटाकडे रुपेरी असतो. प्रकाश पडला असता डोळे लालसर-सोनेरी चमकतात. पूर्ण वाढलेला मासा जास्तीत जास्त सुमारे २ मीटर लांब व ६० किलोग्रॅमपर्यंत वजनाचा होऊ शकतो, मात्र बाजारात येणारे मासे याहून पुष्कळच लहान असतात.

त्याचा जीवनक्रम विलक्षण आहे. प्रौढ मासे पावसाळ्याच्या सुमारास नदीमुखाशी, जेथे पाण्याचा खारेपणा समुद्राच्या जवळपास असतो, तेथे अंडी घालतात. मोठ्या मादीची अंडी कोट्यवधींच्या संख्येत असतात. एका दिवसाच्या आत पिले बाहेर पडतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत, कांदळवनात व खाजणांत शिरतात. तेथील उथळ व गढूळ पाण्यात त्यांना अन्न व आसरा दोन्ही मिळतात. थोडी मोठी झाल्यावर ती नदीतून वर गोड्या पाण्यात जातात, तेथे काही वर्षे वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा खाली उतरतात. या माशांत बहुतेक जण प्रथम नर म्हणून प्रौढ होतात व काही वर्षांनी मादीत रूपांतरित होतात. साहजिकच मोठे मासे बहुतांशी माद्या असतात. आकाराने मोठा मासा तेवढाच पकडत राहिल्यास प्रजननक्षम माद्याच संपतात, हे मासेमारीचे नियम ठरवताना ध्यानात घ्यावे लागते.

रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग व उरण या तालुक्यांत खाडीलगत बांध घालून तयार केलेली भातशेती, म्हणजेच खारजमीन, मोठ्या प्रमाणावर आहे. या गावांत घराजवळ वा शेताच्या कडेला पाण्याचे तळे राखण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिले पकडून या तळ्यांत सोडतात आणि ती लहान मासे व कोळंबी खाऊन वाढतात. खाऱ्या पाण्यात जन्मलेला मासा गोड्या पाण्यात पोसला जाऊ शकतो, या गुणाचा हा जुना व शहाणपणाचा उपयोग होय. त्याच्या पांढऱ्या, कमी काट्यांच्या मांसामुळे त्यास चांगला भाव मिळतो व या भागात पाहुणचारात त्याला मानाचे स्थान आहे.

शास्त्रीय पद्धतीने जिताड्याचे बीज तयार करण्याचे तंत्र प्रथम थायलंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाले. भारतात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत त्याचे प्रजनन यशस्वी केले. संवर्धनातील मोठी अडचण म्हणजे स्वजातिभक्षण. एकाच वयाच्या पिलांतील थोडे मोठे पिलू आपल्या निम्म्याहून अधिक लांबीच्या भावंडास गिळू शकते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आकारानुसार पिलांची वारंवार निवड करून त्यांना वेगळे ठेवावे लागते. विक्रीयोग्य आकार, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम ते ३ किलोग्रॅम, येण्यास ६ महिने ते २ वर्षे लागतात.

तळ्यातील जिताडा असो वा समुद्रातील, त्याचे बालपण कांदळवनावर अवलंबून असते. खाडीतील भराव, सांडपाणी व कांदळांची तोड यांचा पहिला फटका या पिलांना बसतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ मध्ये अंतिम निकालाने महाराष्ट्रातील कांदळतोडीस मनाई केली. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. किनाऱ्यावरील गावांसाठीच्या उपजीविका योजनेत खाडीत पिंजरे लावून जिताडा वाढवण्याचाही समावेश आहे. कांदळ राखले तर मासा मिळतो, हे गावकऱ्यांस पटवण्याचा यापेक्षा सरळ मार्ग दुसरा दिसत नाही.

पूर्वी एकच समजल्या गेलेल्या या जातीतून काही जाती आता वेगळ्या काढण्यात आल्या आहेत. जपानमधील लेट्स जॅपोनिकस ही १९८४ मध्ये, तर श्रीलंकेतील लेट्स लकदिवा व म्यानमारमधील लेट्स उविसारा या २०१२ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदल्या गेल्या.

नाईल पर्च

जिताड्याचाच आफ्रिकी भाईबंद म्हणजे लेट्स निलोटिकस. हा मुख्यतः गोड्या पाण्यात राहतो व २०० किलोग्रॅमपर्यंत वाढू शकतो. १९५० च्या दशकात तो व्हिक्टोरिया सरोवरात सोडण्यात आला. १९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली आणि त्या सरोवराखेरीज कोठेही न आढळणाऱ्या सिक्लिड माशांच्या सुमारे २०० जाती नाहीशा झाल्या. केनिया, युगांडा व टांझानिया यांना निर्यातीतून उत्पन्न मिळू लागले हे खरे, परंतु हा तेलकट मासा उन्हात वाळत नसल्याने तो धुरावर सुकवण्यासाठी काठावरील झाडेही तोडली गेली.

हेकरू व गोबरा

खडकाळ तळाच्या व प्रवाळांच्या समुद्रात राहणाऱ्या एपिनेफेलस प्रजातीच्या माशांना कोकणात हेकरू किंवा गोबरा म्हणतात. जुन्या वर्गीकरणात ते सेरॅनिडी या ‘समुद्री बास’ कुळात येत. जाड ओठ, ठिपकेदार वा पट्टेदार अंग व कपारीत दबा धरून बसण्याची सवय ही त्यांची लक्षणे होत. जिताड्याच्या उलट हे मासे बहुधा प्रथम मादी असतात व नंतर त्यांतील काही नर बनतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील काळा समुद्री बास (सेंट्रोप्रिस्टिस स्ट्रायाटा) हा यांचाच नातलग आहे.

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातील बास

अमेरिकेत नुसते ‘बास’ म्हटले की बहुधा मायक्रोप्टेरस प्रजातीतील मासे अभिप्रेत असतात. हे सेंट्रार्किडी कुळातील असून त्यांचे मूळ घर उत्तर अमेरिका खंडाचा मुख्यतः पूर्व व मध्य भाग होय. मोठ्या तोंडाचा बास तळी, संथ प्रवाह व पाणवनस्पतींनी भरलेले उबदार पाणी पसंत करतो. त्याचा जबडा मिटल्यावर डोळ्याच्या मागेपर्यंत पोहोचतो. लहान तोंडाच्या बासला स्वच्छ, थंड व दगडगोट्यांचे वाहते पाणी लागते. दोन्हींत नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो आणि अंड्यांची व नवजात पिलांची राखण करतो. आपल्याकडील मरळ माशातही आईबाप पिलांच्या झुंडीवर पहारा ठेवतात, त्याची येथे आठवण होते, जरी या दोन माशांत नाते नाही.

गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा हा आवडता मासा आहे. मोठ्या तोंडाच्या बासचा विक्रम जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात नोंदवला. वजन सुमारे १०.०९ किलोग्रॅम होते. सुमारे ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. हा मासा जपानचा नव्हे. १९२५ मध्ये तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला गेला आणि तेथून देशभर पसरला. देशी माशांची हानी पाहून जपानने २००५ पासून परकीय आक्रमक जातींच्या कायद्याखाली त्याची वाहतूक, पालन व सोडणे यांवर बंदी घातली. ग्वाटेमालातील आतितलान सरोवरात १९५८ व १९६० मध्ये सोडलेल्या बासने तेथील लहान मासे व खेकडे फस्त केले. त्या सरोवरापुरताच मर्यादित असलेला मोठ्या टिबुकलीसारखा पाणपक्षी नामशेष होण्यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते. हौसेखातर एखाद्या तळ्यात परका मासा सोडणे ही किरकोळ बाब नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

पट्टेरी बास

मोरोनिडी कुळातील पट्टेरी बास (मोरोन सॅक्साटिलिस) हा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा मासा होय. समुद्रात राहून वसंतात अंडी घालण्यासाठी तो नद्यांतून वर चढतो, म्हणजे याचा प्रवास जिताड्याच्या नेमका उलट आहे. चेसापीक उपसागर हे त्याचे प्रमुख प्रजननक्षेत्र आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ मध्ये हा मासा खत म्हणून शेतात टाकण्यास मनाई केली. प्लिमथ वसाहतीने १६७० मध्ये बास, बांगडावर्गीय व हेरिंग यांच्या मासेमारीचे उत्पन्न मोफत शाळेसाठी राखून ठेवले. शिक्षणाच्या इतिहासात माशाला असे स्थान क्वचितच मिळाले असेल. १८७९ मध्ये न्यू जर्सीहून १३२ लहान मासे रेल्वेने कॅलिफोर्नियास नेण्यात आले व पॅसिफिक किनाऱ्यावरही तो रुजला. १९७० च्या दशकानंतर अतिमासेमारीने संख्या घसरली, तेव्हा १९८४ मध्ये संवर्धनाचा केंद्रीय कायदा झाला. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० या काळात तर मासेमारीच बंद ठेवली आणि त्यानंतर मासा सावरला.

युरोप, जपान व ऑस्ट्रेलिया

युरोपीय बास (डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स) ईशान्य अटलांटिक, भूमध्य व काळ्या समुद्रात आढळतो. ग्रीस व तुर्कस्तान येथे त्याची मोठी शेती होते. नैसर्गिक साठा घटल्याने युरोपीय संघाने २०१५ च्या प्रारंभी प्रजननकाळात त्यावरील तरंगत्या ट्रॉल जाळ्यांची मासेमारी थांबवली. जपानी समुद्री बास (लॅटिओलॅब्रॅक्स जॅपोनिकस) वयानुसार सेइगो, फुक्को व सुझुकी अशी नावे धारण करतो. ऑस्ट्रेलियन बास त्या खंडाच्या आग्नेय किनाऱ्यावरील नद्यांत राहतो व प्रजननासाठी नदीमुखाशी येतो.

केवळ नावाने बास

‘चिलीचा समुद्री बास’ हा वस्तुतः दक्षिण महासागरातील खोल, थंड पाण्यात राहणारा पॅटागोनियन टूथफिश होय. १९७७ मध्ये ली लँट्झ या अमेरिकन व्यापाऱ्याने विक्री सोपी व्हावी म्हणून त्याला हे नाव दिले. मोर बास (सिक्ला) हे अमेझॉन व ओरिनोको खोऱ्यांतील सिक्लिड मासे आहेत. १९६७ मध्ये पनामातील गातून सरोवरात शिरून त्यांनी तेथील देशी मासे बव्हंशी संपवले.

बासा व बास

मराठी वाचकाचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. ‘बासा’ हा व्हिएतनाममधील मेकाँग खोऱ्यातील पंगस गटाचा मासा असून तो शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांच्या वर्गात मोडतो. त्याच्या अंगावर खवले नसतात व तोंडाशी मिशा असतात. बासच्या अंगावर खवले असतात, मिशा नसतात व पाठीवरील परात काट्यांची रांग असते. अख्खा मासा पुढे असल्यास चूक होण्याचे कारण नाही, परंतु दुकानात व उपाहारगृहांत कातडी काढलेले पांढरे तुकडेच मिळत असल्याने ही खूण उपयोगी पडत नाही. पंगस स्वस्त व जिताडा महाग, त्यामुळे नावाचा हा घोळ ग्राहकाच्या खिशावरही पडतो. महाराष्ट्रातील धरणांत पिंजऱ्यांमध्ये वाढवला जातो तो बहुतांशी पंगसच होय.

विदर्भातील स्थिती

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद व आसपासचा परिसर पूर्णा नदीच्या, म्हणजे तापीच्या खोऱ्यात येतो. येथील बाजारात रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाळा व वाम हे मासे परिचित आहेत. वर दिलेल्यांपैकी कोणताही बास येथील नैसर्गिक रहिवासी नाही. जिताडा समुद्राशी जोडलेल्या नद्यांतून वर चढतो खरा, परंतु तापीवर काकरापार, उकाई व हतनूर येथे आडवे बांध असल्याने समुद्राकडून येणाऱ्या माशास पूर्णेपर्यंतची वाट मोकळी नाही. गोड्या पाण्यात जिताडा जगू शकत असल्याने बीज बाहेरून आणून देशाच्या अंतर्भागातील तळ्यांतही त्याचे संवर्धन शक्य आहे, मात्र तो शिकारी असल्यामुळे रोहू-कटल्याची बोटुकली असलेल्या तळ्यात त्यास सोडू नये.