कालविभाग अभिज्ञापक
एखाद्या प्रदेशाची प्रमाणवेळ व तिच्यात वेळोवेळी झालेले बदल संगणकाला ओळखता यावेत, यासाठी वापरले जाणारे नाव. लिनक्स व मॅकओएस या प्रणाली आयाना कालविभाग कोशातील नावे वापरतात. हा कोश आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला. 2011 पासून त्याचे व्यवस्थापन आयकॅन या संस्थेकडे आहे. त्यात भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे. जुने ‘एशिया/कॅलकटा’ हेही पर्यायी नाव म्हणून चालते. विंडोजमध्ये मात्र त्यासाठी ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हे नाव आहे. त्यामुळे एका प्रणालीवर चालणारा प्रोग्राम दुसरीवर ‘कालविभाग सापडला नाही’ अशी त्रुटी देऊ शकतो.

युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पात दोन्ही नामपद्धतींची जुळणी करणारा तक्ता आहे. ही जुळणी एकास एक नसते : विंडोजच्या ‘रोमान्स स्टँडर्ड टाइम’मध्ये पॅरिस, माद्रिद, ब्रुसेल्स व कोपनहेगन ही सर्व शहरे येतात. म्हणून विंडोज नावावरून आयाना नाव ठरवताना देशाचाही संकेत द्यावा लागतो. डॉटनेट या प्रोग्राम-विकास मंचाच्या आवृत्ती 6 पासून आयसीयू ग्रंथालय उपलब्ध असल्यास दोन्ही प्रकारची नावे स्वीकारली जातात. माहिती साठवताना आयाना नावच जपणे श्रेयस्कर; जागतिक प्रमाणवेळेपासूनचा नुसता ‘+5:30’ असा फरक नोंदवल्यास भविष्यातील नियमबदल लागू करता येत नाहीत.