उमेदवार, मालक आणि प्रेक्षक



'उमेदवार' हा शब्द आपल्या भाषेत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, आणि आशा बाळगून जो दुसऱ्याच्या दारी उभा राहतो तो उमेदवार. पूर्वी कचेरीत बिनपगारी राहून काम शिकणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. आज जागेसाठी अर्ज करणारा तोही उमेदवारच. या उमेदवाराचा आणि मालकाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या त्या दोघांमध्येच चालत आला. त्यात प्रेक्षक हा तिसरा पक्ष केव्हा शिरला आणि त्याच्या येण्याने काय पालटले, याचा अल्पसा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आरंभी स्वतःविषयी दोन शब्द सांगतो, त्याबद्दल क्षमा असावी. १९८१ साली शिक्षकाच्या एका जागेसाठी मी मुलाखतीस गेलो होतो. जागा एक आणि बाकांवर आम्ही तेवीस जण. आठ दिवसांनी नकाराचे कार्ड आले. पोस्टमनाने ते वाचले असेल तर असेल. आळीत कोणास त्याचा पत्ता लागला नाही. ते कार्ड मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहावयास बसलो. पुढे अन्यत्र जागा मिळाली व निवृत्त होईपर्यंत मी तेथेच राहिलो. नकार झाकून ठेवता आला, म्हणून मला पुन्हा उमेदीने उभे राहता आले, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

तिसरा पक्ष या व्यवहारात प्रथम शिरला तो, सांगावयास संकोच वाटतो, रेडिओच्या दारानेच. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३४ साली, न्यूयॉर्कमध्ये मेजर बोज या गृहस्थांनी हौशी कलावंतांचा कार्यक्रम सुरू केला. पुढल्याच वर्षी तो देशभर ऐकू जाऊ लागला. गाणे किंवा नक्कल पसंत पडली नाही की घंटेचा टोला पडे आणि उमेदवाराने निघून जावे. दूरदूरच्या गावांहून लोक होते नव्हते ते खर्चून न्यूयॉर्क गाठीत. त्यांतील कित्येकांवर परतीच्या भाड्यावाचून तेथेच मदत मागण्याची पाळी आली. गाण्याइतकीच त्या घंटेचीही श्रोत्यांस प्रतीक्षा असे. नकारालाही गिऱ्हाईक असते, ही गोष्ट व्यवसायास तेव्हाच उमगली.

खुद्द नोकरी आणि भांडवल यांची स्पर्धा मात्र दूरचित्रवाणीवर या शतकाच्या आरंभी अवतरली. जपानात १९९० नंतर भरभराटीचा फुगा फुटला होता व मंदी हटत नव्हती. अशा वेळी, २००१ साली, तेथे 'मनी नो तोरा', म्हणजे 'पैशाचे वाघ', हा कार्यक्रम सुरू झाला. स्वकष्टाने वर आलेले धनिक नोटांच्या थप्प्या पुढे मांडून बसत. उमेदवाराने आपली धंद्याची कल्पना सांगावी व किती रक्कम हवी ते बोलावे. मागितलेली रक्कम पूर्ण जमली तरच ती मिळावयाची. थोडी जरी उणी पडली तरी त्याने रिकाम्या हाती परतावयाचे.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, अर्जेंटिनात, डिसेंबर २००१ मध्ये सरकारने लोकांच्या बँकांतील ठेवींवर बंधने घातली आणि राज्याचे दिवाळे वाजले. २००२ साली काम मागणाऱ्यांपैकी शेकडा वीसहून अधिक लोक बेकार होते. त्या वर्षी तेथील एका वाहिनीवर 'रेकुर्सोस ऊमानोस', म्हणजे 'मनुष्यबळ', हा कार्यक्रम चालू झाला. दोन बेकार माणसे समोरासमोर यावीत, आपली हकीकत सांगावी, आणि नोकरी कोणास मिळावी हे प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मत देऊन ठरवावे, अशी ही योजना. येथे प्रेक्षक नुसता पाहणारा राहिला नाही. एकाला भाकर आणि दुसऱ्याला नकार देणारा तोच झाला.

८ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेत 'दि अप्रेंटिस' सुरू झाला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'उमेदवार'. आठ पुरुष व आठ स्त्रिया, आणि बक्षीस म्हणून वर्षाला अडीच लाख डॉलर पगाराची एक नोकरी. देणारे मालक डोनाल्ड ट्रम्प, जे पुढे त्या देशाचे अध्यक्ष झाले. दर आठवड्यास ते एकास बोट दाखवून सांगत, 'तुला कामावरून काढले आहे.' यातील गंमत अशी की, ज्याला काढावयाचे त्याला अजून कोणी कामावर घेतलेलेच नव्हते! नोकरी मिळण्यापूर्वीच ती गेल्याचा हा विधी पाहण्यास कोट्यवधी लोक बसत.

ब्रिटनमध्ये बीबीसीने २००५ साली दोन्ही प्रकार आणले. जपानी वाघांचे तेथे 'ड्रॅगन' झाले, आणि उमेदवारांच्या स्पर्धेत ॲलन शुगर या उद्योगपतींनी वर्षाला एक लाख पौंडांची नोकरी देऊ केली. २०१० ची विजेती स्त्री पुढे ती नोकरी सोडून न्यायाधिकरणाकडे गेली. आपणांस खरे काम दिलेच नाही, अशी तिची तक्रार होती. २०१३ साली ती फेटाळली गेली. दरम्यान २०११ पासून तेथील बक्षीसच बदलले होते. नोकरीच्या जागी आता अडीच लाख पौंडांचे भांडवल आले आणि मालक विजेत्याच्या धंद्यात निम्म्याचा भागीदार झाला.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. अमेरिकेत २००८ साली नोकरी शोधणारे सामान्य उमेदवार बाजूस सारून नामांकित मंडळींस खेळविले, आणि बक्षीस धर्मादाय संस्थांस गेले. २०१० साली मंदीत पोळलेले बेकार पुन्हा बोलाविले. २००९ पासून तेथे 'शार्क टँक' आहेच. बक्षीस कधी नोकरी, कधी दान, कधी भांडवल. देणाराही कधी वाघ, कधी मगरमच्छाहून भयंकर मासा. एक वस्तू मात्र कोठेही वगळली गेली नाही: चारचौघांत मिळणारा नकार. दुकानदार ज्या मालावाचून दुकान उघडीत नाही, तोच त्याचा खरा माल समजावा.

२० डिसेंबर २०२१ रोजी, महामारीच्या दुसऱ्या वर्षी, 'शार्क टँक'ची भारतीय आवृत्ती सुरू झाली. न्यायाने सांगावयाचे तर तिने काही भलेही केले. मालेगावकडील एका शेतकरी तरुणाने औषध फवारणीसाठी सायकलीच्या सुट्या भागांतून बनविलेली गाडी तेथे मांडली. एका परीक्षकाने त्यास चाळीस टक्के भागीदारीच्या बदल्यात दहा लाख रुपये आणि शिवाय वीस लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले. घरोघरी भागीदारी, नफा, विक्री यांविषयी बोलणी होऊ लागली. धंदा म्हणजे लबाडी, असे मानणाऱ्या आमच्या पगारदार वर्गास हे शिक्षण आवश्यकच होते. मात्र पडद्यावरचा होकार म्हणजे पक्का करार नव्हे. मागाहून हिशेब तपासले जातात आणि कित्येक व्यवहार तेथे मोडतात. नकार तेवढा जागच्या जागी पक्का होतो, आणि तो पुसता येत नाही. ध्वनिचित्रफितीत तो वर्षानुवर्षे राहतो.

हे कार्यक्रम पाहू नयेत, असे मी म्हणत नाही. मीही नातवाबरोबर ते पाहतो. एके रात्री एका उमेदवाराची फजिती झाली आणि आम्ही दोघेही हसलो. हसू ओसरल्यावर मी नातवास विचारले, 'या माणसाने उद्या सकाळी काय करावे?' त्याने बराच वेळ विचार करून सांगितले, 'आजोबा, त्याने माल थोडा स्वस्त करून पुन्हा विकावा.' उत्तर बरोबर की चूक, ते मला ठाऊक नाही. पण परीक्षकांच्या खुर्चीवरून उठून तो क्षणभर उमेदवाराशेजारी येऊन बसला होता. तिसऱ्या पक्षास एवढे नक्कीच करता येईल.

माझे ते कार्ड अद्याप भूगोलाच्या पुस्तकात आहे. त्या रात्री ते मी प्रथमच नातवास दाखविले.